नाव छापलं म्हणून गोळी सुटत नाही

आमच्या कॉलनीच्या मराठी ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका काकूंनी एक मेसेज टाकला. खाली सतराजणांचे हात जोडलेले. मेसेजचा सारांश असा: 'अमेरिकेतल्या शाळांत मुलं मरतात ती पेपरवाल्यांमुळे. मारेकऱ्याचं नाव-फोटो छापणं बंद करा, उद्यापासून गोळीबार बंद. न्यूझीलंडने नाव छापलं नाही, तिथे पुन्हा झालं नाही. कोलंबाइनच्या पोरांना वर्गातले दांडगे छळायचे, त्यांनी सूड घेतला. एवढीशी गोष्ट पेपरांनी वर्षानुवर्षं चघळली. अशी बातमी एका ओळीत द्यावी आणि विषय संपवावा. आपले पेपर तर त्याहून निर्लज्ज, ते मुलांची नावंही छापतात.'

मी इंदुरातल्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर वीस वर्षं काढली. घरात मराठी आणि पोटापाण्याला हिंदी, हे इथे नवल नाही. इथल्या 'नईदुनिया' या हिंदी दैनिकाचे एकेकाळचे संपादक राहुल बारपुतेही मराठी घरातलेच. सांगायचं हे की पेपरवाल्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. त्यांची पापं मला काकूंपेक्षा जास्त ठाऊक आहेत. पण मेसेजने धरलंय ते भलतंच पाप.

आधी नावाचं बघू. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. २००७ साली व्हर्जिनिया टेक या अमेरिकन विद्यापीठात ३२ जणांना मारणाऱ्याने दोन हल्ल्यांच्या मधल्या वेळात पोस्टात जाऊन एनबीसी वाहिनीला पाकीट पाठवलं होतं. त्यात बंदुका रोखून काढलेले स्वतःचे फोटो, व्हिडिओ, आणि १९९९ साली कोलंबाइन शाळेत गोळीबार करणाऱ्या दोघा विद्यार्थ्यांचा गौरवाने केलेला उल्लेख. वाहिनीने ते दाखवलं, जगभरच्या पेपरांनी पहिल्या पानावर लावलं. मृतांत मुंबईची एक विद्यार्थिनी आणि तामिळनाडूत जन्मलेले एक प्राध्यापक होते, तरी आपल्याकडेही मोठा फोटो बंदूकवाल्याचाच. त्याला हवं होतं ते आम्ही फुकटात दिलं, हे मला मान्य.

पण 'उद्यापासून बंद' कशाच्या जोरावर? असल्या मेसेजांमागे बहुतेक २०१५ चा 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकातला अभ्यास असतो. अशी एक घटना झाली की पुढचे सरासरी १३ दिवस दुसरी होण्याची शक्यता वाढलेली राहते, असं त्यात दिसलं. मात्र त्या अभ्यासात घटना मोजल्यात, पेपरांतली नावं नाहीत. प्रसिद्धीमुळे हे होत असावं, हा लेखकांचा तर्क. आणि त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही: ज्या राज्यांत घरोघरी बंदुका जास्त, तिथे हे प्रकार जास्त.

आता स्कॉटलंडचं डनब्लेन घ्या. मार्च १९९६, प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. मारेकऱ्याचं नाव-फोटो ब्रिटनच्या पेपरांनी मनसोक्त छापला, ते पेपर संकोचासाठी कधीच प्रसिद्ध नव्हते. पुढच्याच वर्षी कायद्याने खासगी हँडगन जवळपास सगळ्या काढून घेतल्या. त्यानंतर ब्रिटनच्या एकाही शाळेत तसं हत्याकांड झालेलं नाही.

न्यूझीलंडचं तर दोन ओळींत आटपतं. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चला ५१ माणसं मारली गेली ती मशिदींत, शाळेत नव्हे. नाव उच्चारणार नाही असं संसदेत म्हणाल्या त्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न. पेपरांत नाव आलं होतं. आणि महिन्याभरात तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आणली. मेसेजवाल्याने ही ओळ नेमकी गाळली.

कोलंबाइनचा मुद्दा मात्र मला सोडवत नाही. 'दांडग्यांचा छळ आणि सूड' ही कथा आली कुठून? पेपरांतूनच! २० एप्रिल १९९९ ला कॉलोराडोत ते घडलं तेव्हा मुलं अजून इमारतीत अडकलेली असतानाच वाहिन्यांवर 'ट्रेंचकोट माफिया' सुरू झालं. काळे लांब कोट घालणारी टोळी, खेळाडू पोरांवर राग, रॉक गायक मॅरिलिन मॅन्सनची गाणी. शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाने, मृतांचा आकडा २५ पर्यंत सांगितला. प्रत्यक्षात त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले, शिवाय ते दोघे स्वतः. ती टोळी म्हणजे वेगळ्याच मुलांचा कंपू होता. या दोघांनी खेळाडू निवडून मारले नाहीत. त्यांचा मूळ बेत तर गोळीबाराचा नव्हताच, बॉम्बचा होता: कॅफेटेरियात गर्दीच्या वेळी फुटतील असे प्रोपेन गॅसच्या टाक्यांचे दोन बॉम्ब, तयारी वर्षभराहून जास्त. ते फुटले नाहीत म्हणून संख्या तेवढ्यावर राहिली. हे सगळं कळलं ते डायऱ्या, टेप आणि तपासाची कागदपत्रं मागून मागून वाचणाऱ्या वार्ताहरांमुळे. म्हणजे ज्याला मेसेज 'चघळणं' म्हणतो, त्या चघळण्यानेच पहिल्या दिवसाचं खोटं उघडं पडलं. ते वाचलं कोणी? मेसेज लिहिणाऱ्याने नक्कीच नाही.

पहिल्या दिवसाचं खोटं कसं तयार होतं हे मी जवळून पाहिलंय. १४ डिसेंबर २०१२. अमेरिकेत न्यूटाऊनच्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबाराची पहिली बातमी आली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ वाजून गेले होते. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती साध्या बातमीवर सोडली. शहर आवृत्तीच्या वेळी, मध्यरात्रीनंतर, मारेकऱ्याचं नाव आलं. पाठोपाठ फेसबुकवरून उचललेला फोटो. आई त्याच शाळेत शिक्षिका होती, असंही आलं. डेस्कवर आम्ही तिघे, चहा गार झालेला, खालून प्रेसचा फोन: पेज सोडा. ते आडनाव देवनागरीत 'लांझा' लिहायचं की 'लँझा', यावर आम्ही चांगली दोन मिनिटं वाद घातला. माणूस तोच आहे का, यावर एक सेकंदही नाही.

माणूस तो नव्हता. मारेकऱ्याचा भाऊ होता, त्या वेळी नोकरीवर, आणि 'मी नाही' असं फेसबुकवर लिहून थकलेला. पोलिसांकडल्या सूत्रांनीच दोघा भावांची गल्लत केली होती. आई त्या शाळेत शिक्षिका नव्हती, तिला आधी घरातच मारलं होतं. सकाळी पोह्यांवर सेव टाकताना लोक आमचा पेपर वाचत होते, त्यात हे तिन्ही चूक. दुसऱ्या दिवशी 'भूल सुधार' आला तो निविदांच्या शेजारी.

म्हणून 'एका ओळीत द्या' ऐकलं की मला धास्ती वाटते. ती एक ओळ पहिल्या दिवसाची असणार आणि पहिल्या दिवशी सरकारी माणूस सांगेल तीच. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासच्या उवाल्डीत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. पोलिसांनी शौर्य दाखवलं, असं आधी सांगितलं गेलं. एका शिक्षिकेने दार उघडं ठेवलं होतं, असंही. दोन्ही टिकलं नाही. जुलैत ऑस्टिनच्या 'अमेरिकन-स्टेट्समन'ने शाळेच्या कॉरिडॉरचा व्हिडिओ छापला: पोलिस आत येतात, थांबतात, मागे सरतात. वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. मुलांच्या किंकाळ्यांचा आवाज पेपरने काढून टाकला होता. आपल्याआधी जगाने पाहिला म्हणून आईबाप संतापले, आणि तो संतापही रास्तच. पण बातमी एका ओळीत संपली असती तर शौर्यपदकं वाटून झाली असती.

राहिले आपले पेपर. आपल्याकडे बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ आहे. अठराच्या आतला आरोपी असो की बळी, त्याचं नाव, पत्ता, फोटो तर नाहीच, शाळेचं नावही छापता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेचं नाव सर्रास छापलं जातं, इथे काकूंचा राग योग्य जागी आहे.

पण आमची खरी खोड कलमात मावणारी नाही. सप्टेंबर २०१७, गुरुग्राम. गोळीबार नव्हता, पण शाळेत सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरला गेला. त्याच दिवशी पोलिसांनी बसचा कंडक्टर पकडला, कॅमेऱ्यांपुढे 'कबुली' झाली. तो सज्ञान, त्यामुळे कलम ७४ आड येत नव्हतं. आम्ही नाव, गाव, फोटो, सगळं छापलं. नोव्हेंबरात सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं. पुढे कोर्टाने माध्यमांना बजावलं की खरी नावं वापरू नका, आणि बळी, आरोपी व शाळा तिघांनाही टोपणनावं नेमून दिली. कंडक्टरला टोपणनाव कोण देणार? त्याचं खरं नाव आम्ही आधीच घरोघरी पोचवलं होतं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये तो दोषमुक्त झाला. ती बातमी आमच्याकडे मीच लावली, आतल्या पानावर, दोन कॉलम. त्याचा फोटो लायब्ररीत होता, पण तेवढी जागा नव्हती.