पासवर्डच्या एक्सेल फाइलमधील बंद मॅक्रो आणि व्हॉट्सअॅपवरचा रामबाण उपाय

जळगाव, भुसावळ आणि रावेरकडच्या हिशेबनिसांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गेले काही महिने एक निरोप फिरून फिरून येतो आहे. ‘पासवर्ड लावलेल्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो चालत नसतील तर एवढेच करा’ असे त्याचे शीर्षक असून त्यातील आशय थोडक्यात असा आहे: मॅक्रो (म्हणजे एका बटनावर ठरावीक कामे आपोआप करणारे फाइलमधले छोटे प्रोग्राम) बंद पडण्याचे कारण फाइलचा पासवर्ड हेच असते, म्हणून आधी तो काढून टाकावा, तेवढ्याने भागले नाही तर एक्सेलच्या ट्रस्ट सेंटर या सुरक्षा-सेटिंगमध्ये जाऊन सर्व मॅक्रो चालू करावेत, अँटिव्हायरस आडवा येतो, म्हणून तो बंद करावा, फाइल पेनड्राइव्हवर टाकून परत आणली की ती ‘साफ’ होते, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद बदलली की कटकट कायमची मिटते, आणि फाइल पासवर्डची असल्यामुळे या सगळ्यात धोका काहीच नाही.

हा निरोप आरपार खोटा असता तर इतके दिवस टिकला नसता. त्यातल्या बहुतेक उपायांनी कुणाचे ना कुणाचे काम झालेले आहे, आणि काम झाल्यावर कारण शोधत बसायला हंगामात सवड कोणाला असते? माझा आक्षेप असा आहे की वेगवेगळी तीन-चार कुलपे त्यात एकच धरली आहेत, आणि कुठले कुलूप लागले आहे हे न पाहताच वाड्याची सगळी दारे सताड उघडायला सांगितले आहे.

गेल्या हंगामात रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर मला संध्याकाळी बोलावणे आले. बाहेर भरलेली गाडी उभी होती आणि आत दिवाणजी कपाळाला हात लावून बसले होते. “फाइल तर उघडू राहिली भाऊ, पण बटन काही चालेना,” एवढेच ते म्हणाले. त्या फाइलमध्ये शेतकऱ्याचे नाव, माल नवतीचा की कांदेबागचा (केळीच्या बागांचे हे दोन प्रकार), काट्यावरचे वजन, कटती म्हणजे वजावट आणि भाव भरला की एका बटनावर प्रत्येकाची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, तयार होते. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांकही तीत असल्यामुळे ती उघडायला पासवर्ड ठेवलेला आहे. फाइल बनवणाऱ्याने त्याच दुपारी सुधारित प्रत ईमेलने पाठवली होती. मी पोहोचेपर्यंत मंडळींनी निरोपातला अर्धा उपचार उरकला होता. पडद्यावर आधी जी इशाऱ्याची तांबडी पट्टी आली होती तिचा मोबाइलवर फोटो तेवढा काढून ठेवला होता, आणि त्याच फोटोने पुढे माझे काम सोपे केले.

पहिला दावा पासवर्डचा. एक्सेलमध्ये ‘पासवर्ड’ ही एक वस्तू नाही. फाइल उघडण्याचा पासवर्ड वेगळा, बदल करण्याचा वेगळा, पाने हलवू किंवा काढू न देणारा वेगळा, एखाद्या पानाच्या घरांत लिहू न देणारा वेगळा, आणि मॅक्रोचा मजकूर कुणी वाचू नये म्हणून व्हीबीएला (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्यातल्या कोडला) लावलेला आणखी वेगळा. यांपैकी फक्त पहिल्याने पूर्ण फाइल कूटबद्ध होते, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात जाते. बाकीचे चौघे दाराशी बसलेल्या राखणदारासारखे आहेत, आतला माल त्यांनी झाकलेला नसतो. हे पाहायचे असेल तर मॅक्रोच्या एखाद्या फाइलची प्रत काढा, तिच्या नावाचे एक्सएलएसएम हे शेपूट बदलून झिप करा आणि ती उघडून पाहा. नुसते पान कुलूपबंद असेल तर झिप सहज उघडते, आत फोल्डर दिसतात आणि मॅक्रोचा संच ज्या फाइलमध्ये असतो ती व्हीबीए प्रोजेक्टची बिन फाइलही तिथेच सापडते. उघडण्याचा पासवर्ड असेल तर मात्र झिप म्हणून ती उघडतच नाही, कारण सगळे पुडके दुसऱ्या एका बंद डब्यात घातलेले असते.

या फरकाचा मॅक्रोशी संबंध असा आहे. कूटबद्ध फाइलच्या आत काय आहे हे अँटिव्हायरसला बाहेरून दिसत नाही, म्हणून २००७ पासूनच्या नव्या मांडणीतील कूटबद्ध फाइल उघडताना एक्सेल त्यातले मॅक्रो आधी अँटिव्हायरसकडे तपासायला देते. तपासणारा कोणीच हजर नसेल तर ते मॅक्रो बंद ठेवायचे, असा एक्सेलचा मूळचा नियम आहे. उघडण्याचा पासवर्ड काढल्यावर काही जणांचे मॅक्रो चालू झाले ते यामुळे, आणि एवढ्यापुरता निरोप खरा आहे. पण पासवर्ड फक्त पानाला किंवा व्हीबीएला असेल तर तो काढून मॅक्रोची ही अडचण रतीभरही हलत नाही. शिवाय जिथे तो काढल्याने काम होते तिथेही शेकडो शेतकऱ्यांचे खाते क्रमांक उघड्या फाइलमध्ये ठेवण्याची किंमत आपण मोजतो, हे निरोप लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आता अँटिव्हायरस बंद करण्याचा सल्ला पाहा. वरचा नियम वाचल्यावर त्यातला विनोद लक्षात येईल. कूटबद्ध फाइलचे मॅक्रो तपासनीस हजर नसल्यामुळे अडतात आणि निरोप सांगतो की तपासनिसाला घरी पाठवा. त्या पेढीवर नेमके हेच झाले होते. तिथल्या संगणकावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पूर्वीच कुणीतरी कायमचा बंद करून ठेवला होता, आणि त्या संध्याकाळी विकतचा अँटिव्हायरसही काढून टाकला गेला. परिणामी पहिली अडचण होती तिथेच राहिली आणि तिच्यामागे दुसरी नवी उभी झाली. डिफेंडर पुन्हा चालू करून संगणक नव्याने सुरू केल्यावर ही दुसरी अडचण निघून गेली. त्यासाठी मॅक्रोच्या सेटिंगला हात लावावा लागला नाही. मुदत संपलेला किंवा अर्धवट काढलेला अँटिव्हायरस ज्यांच्या संगणकावर पडून आहे, त्यांनी कूटबद्ध मॅक्रोंबद्दलचा संदेश दिसताच सर्वप्रथम तिकडेच पाहावे.

राहिली मूळची तांबडी पट्टी. तिचा पासवर्डशी संबंध नाही, आणि या भागातील बहुतेक तक्रारी माझ्या अनुभवात तिच्याच असतात. विंडोजमध्ये ब्राउझरने उतरवलेल्या किंवा ईमेलमधून जतन केलेल्या फाइलला ‘ही बाहेरून आली आहे’ अशी एक अदृश्य चिठ्ठी चिकटवली जाते. ती फाइलच्या मजकुरात नसते. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर फाइलला जोडून वेगळी ठेवलेली असते. अशा फाइलमधील मॅक्रो ऑफिस आपणहून अडवील असे मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या फेब्रुवारीत जाहीर केले, एप्रिलपासून ते टप्प्याटप्प्याने लागू करायला घेतले, जुलैत काही दिवस थांबवले आणि मग पुन्हा पुढे नेले. त्याआधी पिवळ्या पट्टीवर ‘एनेबल कंटेंट’ दाबले की काम व्हायचे. तांबड्या पट्टीवर ते बटनच नाही, फक्त अधिक माहितीचा दुवा आहे, आणि वर्षानुवर्षे पिवळ्या पट्टीची सवय झालेला माणूस तिथेच गोंधळतो.

ही चिठ्ठी फाइलच्या बाहेर असल्यामुळे आतला पासवर्ड ठेवला काय आणि काढला काय, तिला फरक पडत नाही. ‘सर्व मॅक्रो चालू करा’ हा उपायही इथे लागू पडत नाही, कारण बाहेरून आलेल्या फाइलची अडवणूक त्या सेटिंगच्या आधीच होते. म्हणजे तांबडी पट्टी जागची हलत नाही, आणि उद्या पेनड्राइव्हवरून किंवा शेजारच्या टेबलावरून येणारी कुठलीही चिठ्ठी नसलेली फाइल मात्र न विचारता आपले मॅक्रो चालवू लागते. ज्या कामासाठी केले ते झाले नाही आणि नको ते झाले. मी ज्या ज्या कचेरीत जातो तिथे ही सेटिंग आधी पाहतो, आणि ती ‘सूचना देऊन बंद ठेवा’ या मूळ जागी परत नेतो.

पेनड्राइव्हचा दावा मला या निरोपातला सर्वांत गमतीचा वाटतो, कारण तो खरोखर चालतो. फक्त कारण चुकीचे दिले आहे. बाजारात मिळणारे बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्स-फॅट पद्धतीने तयार केलेले असतात आणि त्या पद्धतीत ही जोडचिठ्ठी ठेवायला जागाच नसते. फाइल तिकडे गेली की चिठ्ठी गळून पडते, परत आली की ती बिनचिठ्ठीची असते आणि तांबडी पट्टी येत नाही. तोच पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने तयार केलेला असेल तर चिठ्ठी तशीच परत येते, आणि मग माणूस म्हणतो की उपाय कधी चालतो, कधी चालत नाही. फाइल ‘साफ’ मात्र दोन्ही वेळा होत नाही. तीत विषाणू असेल तर तो पेनड्राइव्हची यात्रा करून जसाच्या तसा घरी येतो. पुसले जाते ते फक्त त्याच्या अंगावरचे ‘परगावचा’ असे लिहिलेले लेबल.

पाठवणारा ओळखीचा आहे आणि फाइल त्यानेच पाठवली आहे याची फोनवर खातरजमा झाली असेल, तर चिठ्ठी काढण्याचा सरळ मार्ग उपलब्ध आहे. फाइल बंद करून तिच्यावर उजवे बटन दाबावे, प्रॉपर्टीज उघडावे, जनरल या पानाच्या तळाशी ‘अनब्लॉक’ असा चौकोन दिसतो त्यात खूण करून ओके म्हणावे. हे फक्त त्या एका फाइलपुरते होते. जिथे दर आठवड्याला नवी प्रत येते तिथे एक स्वतंत्र फोल्डर करून तो ट्रस्ट सेंटरच्या विश्वसनीय ठिकाणांत नोंदवावा आणि खातरजमा झालेल्या फाइलच तिथे ठेवाव्यात. सोय म्हणून डाउनलोड्सचा फोल्डरच तिथे नोंदवलेला मी एका ठिकाणी पाहिला आहे. ते म्हणजे उंबरठाच घराबाहेर नेऊन ठेवण्यासारखे झाले. फाइल बनवणारा जाणकार असेल तर त्याने मॅक्रोवर डिजिटल सही करणे आणि आपण त्या सहीला विश्वसनीय म्हणून नोंदवणे हा याहून टिकाऊ मार्ग आहे, पण गावपातळीवर तो फारसा कुणी वापरत नाही.

रजिस्ट्रीच्या नोंदीबद्दल थोडक्यात. ‘एक्सेल बायपास एन्क्रिप्टेड मॅक्रो स्कॅन’ या नावाची ती नोंद खरी आहे, आणि तिचे मूल्य बदलल्यावर तपासनीस हजर नसतानाही कूटबद्ध फाइलमधील मॅक्रो चढतात हेही खरे आहे. मात्र ती एका फाइलसाठी नसते, त्या वापरकर्त्याने उघडलेल्या अशा प्रत्येक फाइलला लागू होते. तांबड्या पट्टीवर तिचा उपयोग नाही हे वेगळे सांगायला नको. ज्या संगणकाला इंटरनेट नाही आणि अँटिव्हायरस बसवता येत नाही, अशा एखाद्या काट्यावरच्या जुन्या यंत्रासाठी कुणी विचारपूर्वक ती वापरली तर मी वाद घालणार नाही. पेढीच्या रोज ईमेल येणाऱ्या संगणकावर ती मी करून देत नाही.

‘पासवर्ड आहे म्हणजे धोका नाही’ हा शेवटचा दावा तर मूळ गोष्टच उलटी करतो. पासवर्ड चोराला जसा बाहेर ठेवतो तसाच तपासनिसालाही बाहेर ठेवतो, आणि हे फसवणूक करणाऱ्यांना आपल्या आधी कळले आहे. इमोटेट या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या टोळीने २०२० मध्ये पासवर्ड लावलेल्या झिप फाइल पाठवून पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिला होता, म्हणजे यंत्राने तपासू नये आणि माणसाने मात्र उघडावे. एक्सेलमध्येच एक जुनी चोरवाट आहे. ‘व्हेल्व्हेटस्वेटशॉप’ हा पासवर्ड एक्सेलमध्ये मुळातच बसवलेला असून कूटबद्ध फाइल समोर आली की ते तो स्वतःहून लावून पाहते. फाइल याच पासवर्डने बंद केलेली असेल तर वापरकर्त्याला काहीही न विचारता ती उघडते. बाहेरच्या वरवरच्या तपासणीला कूटबद्ध डबा दिसावा आणि माणसाला साधी फाइल दिसावी, यासाठी हल्लेखोरांनी ती वापरलेली आहे. तेव्हा अनोळखी ईमेलमधून पासवर्डसकट आलेली मॅक्रोची फाइल ही सर्वांत जास्त संशयाची समजावी.

मोबाइलवर उघडून पाहा, असेही त्या निरोपाच्या एका प्रतीत कुणीतरी जोडले आहे. मोबाइलचे एक्सेल आणि ब्राउझरमधले एक्सेल हे व्हीबीए मॅक्रो चालवतच नाहीत. तिथे बटन न चालणे हा बिघाड नव्हे.

पेढीवरच्या फाइलची चिठ्ठी काढली, डिफेंडर परत आला, पट्टी दिसेनाशी झाली आणि दिवाणजींनी बटन दाबले. तेव्हा १००४ क्रमांकाची चूक समोर आली. निरोपात हिचा उल्लेखच नाही, कारण इथे मॅक्रो कुणी अडवलेला नसतो. तो सुरू होतो आणि कुलूपबंद पानाच्या घरात लिहायला गेल्यावर अडखळतो. पानाला पासवर्ड लावताना ‘हे बंधन फक्त माणसाला, मॅक्रोला नाही’ असे सांगणारा युझर इंटरफेस ओन्ली हा पर्याय कोडमधून देता येतो, पण तो फाइलसोबत जतन होत नाही. फाइल बंद केली की विसरला जातो. सुधारित प्रतीत बनवणाऱ्याने तो एकदाच, स्वतःच्या यंत्रावर दिला होता, म्हणून त्याच्याकडे बटन चालले आणि इथे नाही. त्याला फोन लावला, ती ओळ फाइल उघडताना दर वेळी चालणाऱ्या भागात हलवायला सांगितली, आणि नवी प्रत येईपर्यंत त्या रात्रीच्या पट्ट्या दिवाणजींनी हाताने लिहिल्या.