खरवड्या आपल्या मुळीला का खात नाही?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. खरवड्या हा मी कल्पिलेला, समुद्रतळाशी मेलेल्या जिवांवर जगणारा कवचधारी प्राणी. त्याच्या पाठीवर राहणारी मुळी ही बिनतोंडाची कृमी. तुमचं म्हणणं असं, की तोंड नसताना हाडावर जगणं ही परीकथा आहे, आणि उपाशी खरवड्या मुळीला केव्हाच फस्त करील.

पहिलं मला मान्य नाही. २००२ साली कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात, सुमारे २,९०० मीटर खोलीवर पडलेल्या देवमाशाच्या सांगाड्यावर ओसेडॅक्स हे कृमी सापडले. त्यांना ना तोंड, ना आतडं. मादी हाडात मुळं घुसवते, आम्लाने हाड विरघळवते आणि मुळांमधल्या जिवाणूंच्या जिवावर जगते. तिचे चिमुकले नर तर तिच्याच नळीत राहतात. हे कल्पनेत लिहायला मी धजलोच नसतो.

मुळी मी तिथूनच घेतली. भर घातली ती प्रवासाची. एक सांगाडा संपला की दुसऱ्यापर्यंत तिला नेणार कोण? खरवड्या. हाडापाशी आला की तो अंग कलतं करून बसतो, मुळी हाडात मुळं रोवते. हाड हळूहळू खडूसारखं भुसभुशीत होतं आणि तो तेलकट भुगा खरवड्या खरवडून खातो. तो निघाला की मुळं तुटून हाडातच राहतात. पुढच्या हाडासाठी नवी फुटतात.

दुसरा आक्षेप मात्र अगदी वर्मावर बसला. ‘मुळी पुढे उपयोगी पडेल हे खरवड्याला कळतं’ असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. उपास त्याला झेपेल: जपानच्या तोबा मत्स्यालयातला एक महाकाय आयसोपॉड (समुद्रतळाशी राहणारा कवचधारी प्राणी) २००९ पासून पाच वर्षांहून अधिक काळ अन्नाला शिवला नाही, तरी जगला. पण पाठीवरचा घास न खाण्याचं कारण शरीरातच असायला हवं, समजुतीत नाही. म्हणून आता मुळीच्या अंगावर झोंबणारा बुळबुळीत थर आहे. ज्या खरवड्यांना तो झोंबला नाही त्यांनी मुळी खाल्ली, मग हाडं त्यांना फुटेनात, आणि त्यांची पिलावळ कमी होत गेली.

थोडी लबाडी मात्र मी ठेवणार आहे. क्लीनर रॅस मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी वेचता वेचता मध्येच त्यांच्या त्वचेवरचा चिकट थरही ओरबाडतो, कारण त्याला तोच जास्त आवडतो. मोठा मासा दचकतो, कधी त्याच्या मागे लागतो. तसाच खरवड्याही अधूनमधून मुळीचं टोक कुरतडेल. तो परिच्छेद आज बदलतोय. कुरतडलेलं टोक पुन्हा वाढायला किती दिवस द्यावेत, एवढंच ठरवायचं राहिलंय.