“एस्प्रेसो आंबट, कॅपुचिनो पाणचट, स्वस्तातले बीन्स” या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

रविवारी सकाळी तुम्ही बाबांना घेऊन आला होतात. एस्प्रेसो लिंबासारखी आंबट होती, बाबांची कॅपुचिनो पाणचट होती आणि आम्ही पैसे वाचवायला बीन्स बदलले, असं लिहून तुम्ही दोन स्टार दिलेत. पहिल्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मनापासून माफी मागतो.

बीन्स बदललेत, हेही बरोबर ओळखलंत. पण ते स्वस्त नाहीत. आधीच्या ब्लेंडमध्ये, म्हणजे मिश्रणात, निम्मा रोबस्टा (कॉफीची कडवट जात) होता, रोस्ट म्हणजे भाजणी एकदम डार्क. रोबस्टाचा कडूपणा म्हशीच्या दाट दुधातूनही जाणवतो, म्हणून दोन वर्षं तोच ठेवला. मात्र बिनदुधाची घेणाऱ्यांना शेवटच्या घोटाला जळकट लागायचं, ते मला खटकत होतं. नवे बीन्स चिकमगळूरचे, बहुतेक अरेबिका (कॉफीची सौम्य जात), मिडियम रोस्ट. किलोमागे महाग पडतात. कपाचा दर आम्ही वाढवलेला नाही.

घोटाळा आम्ही केला. भाजून तीनच दिवस झालेली पिशवी फोडली. ताज्या भाजलेल्या बीन्समध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो आठवडाभर निघू दिला नाही, तर पाणी कॉफीतून एकसारखं जात नाही. त्यात ग्राइंडर जुन्याच सेटिंगवर. डार्क रोस्ट ठिसूळ असतो, मिडियम कडक, त्याला आणखी बारीक दळावं लागतं. 18 ग्रॅम कॉफीतून 36 ग्रॅम एस्प्रेसो उतरायला साधारण 25 ते 30 सेकंद लागायला हवेत. तुमचा रिव्ह्यू वाचून मी त्याच सेटिंगवर शॉट, म्हणजे एक एस्प्रेसो, काढला, तर 16 सेकंदांत कप भरला. फिकट, पातळ धार. एवढ्या कमी वेळात आंबटपणा आधी उतरतो, गोडवा मागेच राहतो. सकाळी स्वतः चव न घेता मशीन सुरू केलं, हा माझा हलगर्जीपणा. सोमवारपासून पहिला शॉट मी पितो, मगच ऑर्डर घेतो.

बाबांना चिकोरीच्या (भाजलेल्या मुळांची पूड मिसळलेल्या) फिल्टर कॉफीची सवय आहे, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याही घरी पितळी फिल्टरचीच कॉफी असायची. त्या जिभेला नवे बीन्स दुधात फिकेच लागणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. म्हणून जुना ब्लेंड दुसऱ्या ग्राइंडरमध्ये परत भरलाय, फक्त दुधाच्या कॉफीसाठी. नवे बीन्स काळ्या कॉफीला.

बाबांना पुन्हा घेऊन या. काउंटरवर फक्त “रविवारची कॅपुचिनो” म्हणा, दोन्ही कप आमच्याकडून.