पासपोर्ट टाकला खिशात, निघाले साहेब!

"मलेशिया मोकळं, थायलंड मोकळं, फिलिपिन्सही मोकळं," बंड्याने बसता बसताच जाहीर केलं. "आता पासपोर्ट खिशात टाकायचा आणि सुटायचं!"

"सुटशील की. चेक-इन काउंटरपर्यंत," सुमाताई म्हणाली.

"अगं, व्हिसा लागत नाही!"

"व्हिसा लागत नाही, बाकी सगळं लागतं. तिथून तुला परत पाठवलं तर आणायची जबाबदारी एअरलाइनची, वर दंडाची टांगती तलवार. म्हणून काउंटरवरचा माणूस टायमॅटिकमध्ये, म्हणजे एअरलाइन वापरतात त्या देशोदेशीच्या प्रवेश-नियमांच्या संगणकीय यादीत, नियम बघतो. परतीचं तिकीट नाही, तर बोर्डिंग पास नाही. पासपोर्टची मुदत किती राहिलीय तुझ्या?"

"चिक्कार! चार महिने आहेत."

अप्पांनी कपाळाला हात लावला.

"मलेशियात उतरल्यापासून पुढे सहा महिने लागतात," सुमाताई म्हणाली. "त्यांच्या लेखी तुझा पासपोर्ट संपल्यात जमा."

बंड्या "हे आम्हाला सांगतच नाहीत" या त्याच्या आवडत्या पालुपदावर आला. सरकार, एअरलाइन, शेजारी, सगळे त्याच्याविरुद्ध. सुमाताईने त्याला तिथेच अडवलं ते बरं झालं, कारण खरी माणसं अडकतात ती पुढच्या गोष्टीत.

"अरायव्हल कार्ड, म्हणजे येणाऱ्या प्रवाशाच्या माहितीचा फॉर्म, तो कोण भरणार?" तिने विचारलं. " मलेशियाचं पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन. थायलंडचंही १ मे २०२५ पासून तसंच. दोन्ही फुकट. पैसे मागणारी साइट दिसली की बंद कर, ती सरकारी नाही. आणि नंबर पाठ आहे म्हणून टाकू नकोस, पासपोर्ट समोर उघडून एकेक अक्षर बघ. एक आकडा इकडचा तिकडे झाला की कार्ड आणि पासपोर्ट जुळत नाहीत."

"हाँगकाँगला तर व्हिसा नाही, तरी आधी नोंदणी," अप्पा म्हणाले. "२०१७ पासून. ती झाली तरच चौदा दिवस."

मन्याने विचारलं, "तीस दिवस मिळाले म्हणजे महिनाभर ना?"

"समज, थायलंडमध्ये तीस दिवसांचा शिक्का मिळाला, तर उतरलास तो दिवस पहिला," सुमाताई म्हणाली. " १ मार्चला उतरलास तर ३० ला बाहेर. शिक्क्यात शेवटची तारीख असते, ती काउंटर सोडायच्या आत वाच. चुकली असेल तर तिथेच सांगता येतं, हॉटेलवरून नाही. आणि परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर बारा वाजायच्या आत इमिग्रेशन उरक. ओव्हरस्टेला, म्हणजे मुदतीपेक्षा जास्त राहिलास तर, दिवसाला ५०० बाथ दंड, वीस हजारांपर्यंत."

"एवढं करण्यापेक्षा व्हिसाच बरा," बंड्या पुटपुटला.

"तू बोलूच नकोस!" मन्या उसळला. "स्वस्त म्हणून दोन वेगळ्या एअरलाइनची तिकिटं कोणी काढली होती? मधल्या देशात बॅगा उचलून पुन्हा चेक-इन, म्हणजे इमिग्रेशन ओलांडायचं, म्हणजे तिथला व्हिसा हवा. आमच्याकडे होता का? ऐन वेळी नवीन तिकिटं काढली. माझ्या तिकिटाचे पैसे तू देणार होतास."

"देतो रे. हिशेब चालू आहे."

"ट्रान्झिट आहे होय तो हिशेब?" अप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदा सुमाताईसुद्धा खदखदून हसली.

बंड्याने शहाण्यासारखा विषय बदलला. "बरं ताई, पासपोर्ट रि-इश्यूला काय काय लागतं?"

"आधी मन्याचं ना हरकत प्रमाणपत्र!"