दुवा तुटतो तेव्हा दोष कोणाचा?

ग्रंथपालांमध्ये एक विधान सध्या वारंवार पुढे पाठवले जाते: 'लिंक रिझॉल्व्हर हे जुनाट सॉफ्टवेअर आहे, ते चालत नाही, डीओआय आणि गूगल स्कॉलर असताना त्याची गरज उरलेली नाही, आणि मेटाडेटा तपासत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे.' लिंक रिझॉल्व्हर म्हणजे शोधनिकालातल्या नोंदीवरून वाचकाला ग्रंथालयाने घेतलेल्या प्रतीकडे नेणारी प्रणाली, डीओआय म्हणजे लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक, आणि मेटाडेटा म्हणजे लेखाविषयीची नोंद: नाव, वर्ष, खंड, अंक वगैरे. या विधानामागचा वैताग खरा आहे. निदान मात्र चुकले आहे.

सॉफ्टवेअर चालत नाही, हा पहिला मुद्दा. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हॅन द सोंपेल यांच्या कामातून पुढे आलेल्या आणि नायसो या अमेरिकी मानक-संस्थेच्या २००४ च्या मानकात स्थिरावलेल्या ओपनयूआरएल पद्धतीत, म्हणजे लेखाची नोंद दुव्यातच भरून पाठवण्याच्या पद्धतीत, रिझॉल्व्हर स्वतः लेख शोधत नाही. डेटाबेसने पाठवलेले आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक), वर्ष, खंड, अंक आणि पहिले पान तो ग्रंथालयाच्या नॉलेजबेसशी, म्हणजे कोणत्या नियतकालिकाचे कोणते अंक कुठे उपलब्ध आहेत याच्या यादीशी, ताडून पाहतो आणि वाचकाला योग्य दारात नेऊन सोडतो. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे उदाहरण घेऊ. छापील अंकाचा आयएसएसएन ००१२-९९७६, ऑनलाइन आवृत्तीचा २३४९-८८४६. हे नाव १९६६ पासूनचे. त्याचा पूर्वावतार 'इकॉनॉमिक वीकली' १९४९ मध्ये सुरू झाला होता. समजा, १९५८ सालचा एखादा लेख डेटाबेसने आजच्या नावाखाली नोंदवला. मग १९६६ पासूनचा संग्रह दाखवणारा नॉलेजबेस 'उपलब्ध नाही' असेच सांगणार, मग जुने बांधीव खंड त्याच इमारतीत कपाटात का असेनात. नवे सॉफ्टवेअर विकत घेतले तरी उत्तर हेच येईल. (नकाराचे ते पान वाचकाला पुढचा रस्ता दाखवत नाही, एवढा दोष मात्र सॉफ्टवेअरच्या पदरात घालायला हरकत नाही.)

डीओआय असल्यावर रिझॉल्व्हर कशाला, हा दुसरा मुद्दा. डीओआय सहसा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर नेतो. ग्रंथालयाने तोच लेख दुसऱ्या एखाद्या संग्रहातून घेतला असेल, तर वाचकासमोर पैसे मागणारे पान उघडते आणि ज्याची वर्गणी आधीच भरली आहे तो लेख हाती लागत नाही. कोणती प्रत या वाचकाची, हे ठरवण्यासाठीच तर रिझॉल्व्हर जन्माला आला. शिवाय जुन्या आणि प्रादेशिक भाषांतील असंख्य लेखांना डीओआय नसतोच.

गूगल स्कॉलरविषयी थोडक्यात सांगता येते: तिथे शोधनिकालाशेजारी ग्रंथालयाचा जो दुवा दिसतो, तो ग्रंथालयाने कळवलेल्या संग्रहाच्या माहितीवर उभा असतो आणि बहुधा त्याच रिझॉल्व्हरकडे जातो.

राहिला वेळेच्या अपव्ययाचा मुद्दा. प्रकाशकांकडून नॉलेजबेसपर्यंत येणारी माहितीच सदोष असल्याचे युकेएसजी या ब्रिटनमधील ग्रंथालये आणि प्रकाशकांच्या संघटनेच्या २००७ च्या अहवालाने दाखवले आणि त्यातून केबार्ट ही, अशी माहिती कोणत्या स्वरूपात द्यावी हे सांगणारी, शिफारस आकाराला आली. तिच्या यादीत नियतकालिकाच्या शेवटच्या उपलब्ध अंकाच्या तारखेचा रकाना रिकामा असेल, तर त्याचा अर्थ 'आजपर्यंत उपलब्ध' असा धरला जातो. त्यामुळे नियतकालिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेल्यावर जुन्या प्रकाशकाने ती तारीख भरली नाही, तर नॉलेजबेस पुढची कित्येक वर्षे नसलेल्या अंकांची हमी देत राहतो, आणि विद्यार्थी मात्र काउंटरवर येऊन म्हणतो, 'तुमची लिंक चालत नाही.'