१७ सप्टेंबरला निजामाने सामीलनाम्यावर सही केलेली नाही

सप्टेंबर लागला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: '१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने सरदार पटेलांसमोर सामीलनाम्यावर सही केली, त्याची सत्ता संपली आणि मराठवाड्याला भारताची राज्यघटना लागू झाली.' खाली पटेलांना हात जोडणाऱ्या निजामाचा फोटो. मुक्तिदिनाच्या भाषणांतही हेच येऊ लागलंय, म्हणून लिहितोय.

आधी सही. निजाम मीर उस्मान अली खानने सामीलनाम्यावर, म्हणजे संस्थान भारतात सामील करण्याच्या दस्तऐवजावर, कधीच सही केली नाही. २९ नोव्हेंबर १९४७ला झाला तो 'जैसे थे' करार, एका वर्षाच्या मुदतीचा. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण यांत इंग्रजांशी जी व्यवस्था होती तीच भारताशी चालू राहील, एवढंच त्यात होतं. सामील व्हायचं टाळून निजामाने मिळवलेली ती सवड होती. १७ सप्टेंबरला त्याने शस्त्रसंधी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस भारतीय लष्कराच्या मेजर जनरल चौधरींना शरण आले. फोटो १९४९चा, पटेल हैदराबादला आले तेव्हाचा.

राज्यघटना तर तेव्हा तयारच नव्हती. बाबासाहेबांनी मसुदा संविधान सभेत मांडला ४ नोव्हेंबर १९४८ला. भारताची घटना हीच हैदराबादची घटना असेल, असं फर्मान निजामाने काढलं २३ नोव्हेंबर १९४९ला, ती स्वीकारली जाण्याच्या तीन दिवस आधी. घटना बनवणाऱ्या संविधान सभेत हैदराबाद संस्थानचा एकही प्रतिनिधी नव्हता. हे मला फार लागतं. पण म्हणून 'सही नाही, तर विलीनीकरणच बेकायदा' हा उलटा दावाही टिकत नाही: फर्मान आहे, आणि घटनेच्या पहिल्या अनुसूचीत (राज्यांच्या यादीत) 'ब' राज्यांमध्ये, म्हणजे आधी संस्थानं असलेल्या राज्यांच्या गटात, हैदराबादचं नाव आहे.

सत्ता संपली, हे खरं. कारभार लष्करी गव्हर्नरकडे गेला. पद मात्र उरलं: २६ जानेवारी १९५०पासून राज्य पुनर्रचनेपर्यंत, म्हणजे १९५६पर्यंत, निजाम हैदराबादचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख, होता. संस्थानचं स्वतःचं चलन, हाली सिक्का, तेही लगेच गेलं नाही.

निजामाच्या हातात नसलेली लेखणी दिली की भारतात सामील होण्यासाठी संस्थानात लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा गोष्टीतून गळतो. ७ ऑगस्ट १९४७ला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला गेला, तो याच लोकांनी. १५ ऑगस्टला त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. शाळेत भाषण लिहून देणाऱ्या गुरुजी-बाईंना विनंती: सहीचं वाक्य काढा आणि त्या जागी या दोन तारखा घाला.