‘व्हिनियर दिसलं की टेबल नकली’: जुन्या टेबलांविषयीच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

जुनी टेबलं घेणाऱ्यांसाठी एक सल्ला मोबाइलवरून मोबाइलवर फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मतलब तोच. १९५०-६०च्या काळातलं अस्सल टेबल भरीव सागवानाचंच असतं. व्हिनियर (प्लायसारख्या फळीवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) दिसलं की नकली समजा. उचलून बघा, जड असेल तर खरं. स्टार स्क्रू (डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला) असेल तर नवं. घरी आणल्यावर वरचा थर मशीनने घासून काढा, आत कोरं लाकूड मिळेल. मग महिन्याला तेल लावत राहा. सागवान आहे, तेव्हा वाळवीची आणि पाण्याची काळजी नको.

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. हा सल्ला पाळल्याने चांगली टेबलं भंगारात जातात, खोटी चढ्या भावाने विकली जातात आणि साठ वर्षं नीट टिकलेली फळी अर्ध्या तासात कायमची खराब होते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“अस्सल म्हणजे भरीव, व्हिनियर म्हणजे नकली”

त्या काळातली जी टेबलं जगभर नावाजली गेली, ती आधी बघा. इसामू नोगुचीचं कॉफी टेबल हर्मन मिलर कंपनीने १९४७ साली बाजारात आणलं. वर जाड काच, खाली एकमेकांत अडकवलेले दोन एकसारखे लाकडी तुकडे. चार्ल्स आणि रे ईम्स यांचं १९५१चं लांबट अंडाकृती टेबल सव्वादोन मीटर लांब आहे. वरची फळी प्लायवर लॅमिनेट लावून केलेली, पाय तारेचे. एरो सारिननचं १९५७चं टेबल ओतीव धातूच्या एकाच पायावर उभं आहे. यात भरीव सागवान कुठे आहे?

डेन्मार्कमधली जेवणाची टेबलं तर सागवानासाठीच ओळखली जातात. पण त्यातल्या बहुसंख्य टेबलांचे पाय आणि कडेची पट्टी तेवढी भरीव असते. वरची फळी प्लाय, ब्लॉकबोर्ड किंवा चिपबोर्डवर सागवानी व्हिनियर दाबून केलेली असते आणि त्या व्हिनियरची जाडी मिलिमीटरहूनही कमी. म्हणजे या सल्ल्याच्या हिशेबाने डेन्मार्कच्या कारखान्यांतून निघालेली अस्सल टेबलंच नकली ठरतात.

व्हिनियर पैसे वाचवायला लावलं, असं कोणी म्हणेल. पैसे वाचतातच, पण खरं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं आणि हा बदल मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने होतो. सागवान या बाबतीत गुणी; तरी त्यातल्या ओलाव्यात १ टक्क्याचा फरक पडला की रुंदीत साधारण ०.१ ते ०.२ टक्के फरक पडतो. ९० सेंटिमीटर रुंद भरीव फळी घ्या, पावसाळा ते उन्हाळा ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक धरा. फळी साडेचार ते नऊ मिलिमीटर हलते. आता ज्या टेबलाची जोडपानं फळीखालून सरकत बाहेर येतात, त्याचा विचार करा. ती पानं थोड्याशा फटीत सरकतात. फळी इतकी हलली तर पावसाळ्यात पान अडकणार आणि उन्हाळ्यात फट दिसणार. वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी व्हिनियर लावलेली फळी सपाट राहते, म्हणून त्या सुतारांनी ती निवडली. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे पुस्तक उघडल्यासारखे शेजारी शेजारी लावून जी जुळी नक्षी मिळते, तीही भरीव लाकडात तशी साधत नाही.

हा गैरसमज कुठून आला, तेही सांगायला हवं. भारतात या काळातलं जे फर्निचर सर्वांत जास्त गाजलं, ते चंदीगडचं: वास्तुरचनाकार पिएर जानेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्या, ग्रंथालयं, वसतिगृहं यांच्यासाठी आखलेलं. ते बहुतांशी भरीव सागवानाचं आणि शिसवीचं आहे. तिथली गोष्ट सगळीकडे लावली गेली. या फर्निचरला परदेशी लिलावात मोठे भाव मिळू लागले, आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदीगडच्या वारसा-वस्तूंची विक्री व निर्यात रोखण्याचा आदेश काढला. नक्कल करणारेही भरीव सागवानच वापरतात, आणि फर्निचरवर खात्याचे क्रमांक जसे रंगवलेले असत तसे क्रमांकही रंगवतात. तेव्हा भरीव लाकूड हा तिथेसुद्धा पुरावा ठरत नाही.

मग बघायचं काय? टेबल उलटं करा. वरच्या फळीवरच्या रेषा कडेवरून वळून खाली गेल्या आणि आडव्या कापलेल्या टोकाला सागवानाची वर्षवलयं, म्हणजे बारीक छिद्रांच्या वक्र ओळी दिसल्या, तर फळी भरीव. रेषा कडेपाशी तुटल्या आणि तिथे वेगळी पट्टी दिसली, तर व्हिनियर. दोन्हीत दोष नाही. दोष शोधायचा तो असा: खालच्या बाजूला व्हिनियर किंवा निदान हलक्या लाकडाचा पापुद्रा आहे का? नसेल तर फळी वाकण्याचा धोका आहे. बोटाच्या पेराने फळीवर इंचाइंचाला टकटक करा. पोकळ आवाज आला तिथे व्हिनियर सुटलेलं आहे. चिपबोर्ड असेल तर पायांचे बोल्ट बसतात तिथे तो फुगून भुसा सुटलाय का, ते बघा. पाणी प्यालेला चिपबोर्ड पुन्हा घट्ट होत नाही, त्या टेबलाचा भाव तसाच करा.

“जड तेवढं अस्सल”

सागवानाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेल्या फळीचं, ७०० ते ७५०. दीड मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड फळी सागवानाची असेल तर सुमारे २२ किलो भरते. तेवढीच एमडीएफची फळी २५ किलोपर्यंत जाते. म्हणजे उचलून बघण्याच्या कसोटीत एमडीएफच जिंकतं.

‘बर्मा टीक’ या शब्दाचंही असंच. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. जुन्या टेबलात बर्मी सागवान असू शकतं, पण आपल्याकडची कितीतरी जुनी टेबलं चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागवानाची आहेत, ज्याला बाजारात अजून ‘सीपी टीक’ (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून) म्हणतात. पॉलिश चढलेल्या फळीचा रंग बघून हे दोन ओळखता येत नाहीत. विक्रेता केवळ रंग दाखवून बर्मा टीकचा भाव सांगत असेल तर तो देऊ नका.

शिसवी मात्र खरोखर जड असते. ती परदेशी राहणाऱ्या मुलांकडे पाठवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: शिसवीच्या (डालबर्जिया) गटातली लाकडं २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत (ब्राझिलियन शिसवी तर त्याहून कडक पहिल्या परिशिष्टात), आणि १० किलोपेक्षा जास्त लाकूड असलेल्या वस्तूला परवाना लागतो. जेवणाचं टेबल त्याहून जड भरतंच.

“स्टार स्क्रू म्हणजे नवं”

स्टार स्क्रूचं पेटंट अमेरिकेत १९३०च्या दशकातलं आहे. पन्नाशीतल्या कारखान्यातल्या टेबलात तो असणं अगदी शक्य आहे. आपल्याकडच्या सुतारांनी सरळ खाचेचा स्क्रू पुढेही बराच काळ वापरला, म्हणून मुंबई-पुण्यात घडलेल्या टेबलात स्टार स्क्रू दिसला तर मागे कधीतरी दुरुस्ती झाली असावी, एवढाच अंदाज करा. स्क्रू काढून भोकाच्या आत बघा. आतलं लाकूड बाहेरच्याइतकंच काळवंडलेलं असेल आणि शेजारी जुनी, बुजवलेली भोकं असतील, तर त्यातून स्क्रूच्या डोक्यापेक्षा जास्त कळतं.

“मशीनने घासून काढा”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे. पॉवर सँडरला ८० नंबरचा कागद लावून व्हिनियरवर फिरवला की कडेपाशी आधी पापुद्रा संपतो, कारण तिथे मशीन किंचित कलतं. खालून पिवळट प्लाय किंवा ठिपकेदार चिपबोर्ड दिसायला लागतो. त्यावर इलाज नाही. नवीन व्हिनियर लावणं एवढंच उरतं.

आधी पॉलिश कोणतं आहे ते ओळखा. फळीच्या खाली, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका, अर्ध्या मिनिटाने बोट लावा. चिकट लागलं तर लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा थेंब; आता मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), अथवा नुसतं तेल. तेल असेल तर पाण्याचा थेंब काही मिनिटांत मुरून डाग गडद दिसतो.

पुष्कळदा पॉलिश काढायची गरजच नसते. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने वर्षानुवर्षांचं मेण, तेलकट धूर आणि हाताचा मळ निघतो. कापड काळं होणं थांबेपर्यंत पुसा, मग एक दिवस थांबा आणि तेव्हाच ठरवा. लाखेच्या पॉलिशवरचा पांढरा गोल डाग म्हणजे थरात अडकलेला ओलावा. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा त्यावरून हलक्या हाताने, न थांबता फिरवला तर तो जातो. एकाच जागी थांबलात तर पॉलिशच उचलून येईल. काळा डाग वेगळा: तो लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचा असतो, लाकडात उतरलेला असतो, आणि घासून जात नाही. त्यासाठी १ लिटर कोमट पाण्यात सुमारे १०० ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिड. पॉलिश काढल्यावर ब्रशने फक्त डागावर लावा, १५-२० मिनिटांनी ओल्या कापडाने दोन-तीनदा पुसून घ्या. ते विषारी आहे: हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा, आणि वाळलेली पूड झटकू नका. व्हिनियरवर पाणी साचू देऊ नका.

पॉलिश काढायचंच असेल तर पेंट रिमूव्हर आणि प्लास्टिकची पट्टी. त्यानंतर १८० आणि मग २४० नंबरचा पॉलिश पेपर, हातानेच, रेषांच्या दिशेने, मोजके हात. कडेच्या दोन बोटं जागेत अगदी हलका हात.

सुटलेलं व्हिनियर दुरुस्त होतं. फुगा आला असेल तर रेषेच्या दिशेने धारदार ब्लेडने चीर द्या, सिरिंजने लाकडाचा पांढरा गोंद आत सोडा, बाहेर आलेला पुसा, वर बटर पेपर, त्यावर सपाट फळी आणि २४ तास वजन. जुन्या टेबलात सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुना गोंद) वापरलेला असेल तर आधी जाड कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री फिरवून बघा. सरस पुन्हा मऊ होऊन पापुद्रा धरतो. डगमगणाऱ्या पायांचंही कारण बहुधा वाळलेला सरसच असतो. त्यावर नवा गोंद ओतून उपयोग होत नाही. सांधा उघडा, कोमट पाण्याने जुना सरस पुसून लाकूड कोरडं करा, मग गोंद लावून क्लँप करा.

पुन्हा लाख पॉलिश करायचं तर १ लिटर स्पिरिटला १५० ग्रॅम चपडा लाख, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळलेली. भर पावसात हे काम काढू नका. दमट हवेत थर पांढुरका पडतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

“महिन्याला तेल लावा”

लाख, लॅकर, पीयू यांच्यावर तेल मुरत नाही. वर चिकट राहतं, धूळ धरतं आणि पुढच्या पॉलिशच्या कामात अडचण करतं. खोबरेल तर कधीच वाळत नाही. बाटलीवर ‘टीक ऑइल’ लिहिलेलं असलं तरी ते सागवानाचं तेल नसतं, बहुधा जवस किंवा टंग तेलात व्हार्निश आणि पातळ करणारं द्रव्य मिसळलेलं असतं. ते केवळ तेलाच्या पॉलिशचं टेबल असेल तर, आणि तेही वर्षातून एकदा-दोनदा. पातळ हात, पंधरा मिनिटांनी राहिलेलं सगळं तेल कोरड्या कापडाने पुसून टाका. जवसाच्या तेलाचं कापड चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका: वाळताना ते तापतं आणि आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

“सागवान आहे, वाळवी आणि पाणी चालतं”

वाळवीला दाद देत नाही तो सागवानाचा आतला, गडद भाग. बाहेरचा फिकट भाग तितका टिकाऊ नसतो, आणि जुन्या टेबलांच्या आतल्या पट्ट्यांना, खणांच्या तळांना तो किंवा साधं लाकूड वापरलेलं असतंच. टेबल घरात आणण्याआधी उलटं करून दोन दिवस पांढऱ्या कागदावर ठेवा. टाल्कम पावडरसारखी पूड पडली आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली, तर कीड अजून आत आहे. बाकी फर्निचरपासून दूर ठेवून आधी औषध करून घ्या.

पाण्याचं म्हणाल, तर आपल्या घरात टेबलाचा शत्रू वर ठेवलेल्या पेल्यापेक्षा खालची ओली लादी. रोज फरशी पुसताना पायांच्या तळाशी, म्हणजे आडव्या कापलेल्या टोकाला, पाणी लागतं; तिथून ते वर चढतं, खालची दोन-तीन इंच काळी पडतात आणि पॉलिश सोलतं. टेबल आणल्या दिवशीच चारही पायांच्या तळाला पातळ लाखेचे तीन-चार हात द्या, वाळू द्या, आणि मग चार-पाच मिलिमीटर उंचीचे नायलॉनचे बूड ठोका.